लस टोचल्यानंतरचा दुसरा दिवस

१९ जानेवारी २०२१. देशात कोविड लसीकरण सुरू होऊन तीनच दिवस झाले होते. निर्मल जिल्ह्यातल्या कुंटाळा प्राथमिक आरोग्य केंद्रात ४२ वर्षांच्या एका आरोग्य कर्मचाऱ्याने सकाळी साडेअकराच्या सुमारास लस घेतली. मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास त्याच्या छातीत दुखू लागले. पहाटे त्याला जिल्हा रुग्णालयात नेले, पण तोवर प्राण गेला होता. प्राथमिक तपासणीत या मृत्यूचा लसीशी संबंध दिसत नाही, असे तेलंगणाच्या आरोग्य विभागाने त्याच दिवशी जाहीर केले आणि जिल्हा समितीने रीतसर चौकशी हाती घेतली.

निर्मल हा २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग होता. दोन्हीकडे नातीगोती आहेत, बाजारहाट एक आहे. इकडचा माणूस तिकडे रोज जातो. अशा मुलखात “लस घेतली आणि रात्रीत माणूस गेला” हे एवढेच वाक्य पुढे जाते. चौकशी, शवविच्छेदन, समितीचा निष्कर्ष हे सगळे मागून, सावकाश आणि सरकारी भाषेत येते. आदिलाबादच्या गावांत आणि गुड्यांत, म्हणजे आदिवासी पाड्यांत, लसीबद्दल जी धास्ती होती, तिचे मूळ सुईच्या दुखण्यात नव्हते. सुई टोचल्यानंतरच्या दोन दिवसांत अंगात काय होईल, आणि झालेच तर कोणाकडे जायचे, हे आधी कोणी नीट सांगितले नव्हते, यात ते होते.

“लस एकशे दहा टक्के सुरक्षित आहे,” असे औषध महानियंत्रक व्ही. जी. सोमाणी ३ जानेवारी २०२१ रोजी म्हणाले होते. त्याच दमात त्यांनी हलका ताप, दुखणे आणि अॅलर्जी प्रत्येक लसीत असतेच, हेही सांगितले होते. पण लोकांच्या लक्षात राहिले ते एकशे दहा टक्के. मग ज्याला रात्री हुडहुडी भरली, त्याला आपली फसवणूक झाली असेच वाटणार. ताप येईल हे ज्याला आधीच ठाऊक होते, तो गोळी घेऊन झोपला. ज्याला कोणी सांगितलेच नव्हते, तो घाबरला आणि दुसऱ्या डोसला फिरकला नाही.

अंगात नेमके काय होते

आदिलाबाद परिसरात बहुतेकांनी घेतली ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड किंवा हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन. दोन्ही लसी दंडाच्या स्नायूत अर्धा मिलिलिटर टोचल्या जातात. कोविशील्डमध्ये चिंपांझीत आढळणारा, पण वाढण्याची क्षमता काढून टाकलेला अॅडेनोव्हायरस असतो. करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाची कृती तो पेशींपर्यंत पोचवतो. कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला करोना विषाणूच असतो. दोन्हींत कोविड होण्याजोगे जिवंत असे काही नसते.

शरीराला मात्र तेवढेही पुरते. परके काही शिरल्याची चाहूल लागताच टोचलेल्या जागी पांढऱ्या पेशी गोळा होतात, तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि दंड दुखतो, गरम लागतो. या पेशी सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप रक्तात सोडतात. ते मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत पोचले की शरीर आपले नेहमीचे तापमान वर नेऊन ठेवते. थंडी वाजते, अंग मोडून येते, कणकण भरते, जेवण जात नाही. पॅरासिटामोल काम करते ते इथेच: चढवलेले तापमान ते पुन्हा खाली आणते. काहींच्या काखेत गाठ येते. लसीच्या बाजूच्याच काखेत आलेली ही गाठ म्हणजे तिथल्या लसिका ग्रंथीची सूज असते आणि ती काही दिवसांत उतरते.

हे किती जणांना होते? कोविशील्ड ही मूळची ऑक्सफर्डने तयार केलेली लस; तिच्या चाचण्यांत टोचलेली जागा दाबल्यावर दुखल्याचे सुमारे ६४ टक्के लोकांनी सांगितले. डोकेदुखी आणि थकवा साधारण निम्म्यांना जाणवला. अंगदुखी सुमारे ४४ टक्क्यांना झाली, थंडी ३२ टक्क्यांना वाजली. तापासारखे वाटले असे एक तृतीयांश लोक म्हणाले, पण थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप निघाला तो सुमारे आठ टक्क्यांनाच. त्रास पहिल्या डोसनंतर जास्त आणि दुसऱ्यानंतर कमी. वय वाढते तसा तो उतरत जातो. म्हणूनच एका घरात सासूबाईंना काहीच होत नाही आणि सून दोन दिवस अंथरुणाला खिळते.

याला आणखी एक बाजू आहे. बारा लसचाचण्यांची आणि ४५ हजारांहून अधिक सहभागींची माहिती एकत्र करून बोस्टनच्या संशोधकांनी जानेवारी २०२२ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध केले. ज्यांना लस दिलीच नव्हती, नुसते मिठाचे पाणी किंवा तसेच निरुपद्रवी द्रव टोचले होते, त्यांच्यातल्या सुमारे ३५ टक्के लोकांनीही पहिल्या सुईनंतर डोकेदुखी, थकवा असे त्रास नोंदवले होते. याचा अर्थ हे लोक खोटे बोलत होते असा नव्हे. त्यांचे डोके खरेच दुखत होते. भीतीमुळे अंग दुखते, आणि आपण एरवी दुर्लक्ष करतो त्या बारीकसारीक दुखण्यांकडेही लक्ष जाते. म्हणून सुईच्या आधी दोन मिनिटे शांतपणे केलेले बोलणे हाही उपचाराचाच भाग ठरतो.

तीस मिनिटांचा बाक

लसीकरण केंद्रावर तीन जागा असत: नोंदणीची, टोचण्याची आणि थांबण्याची. पहिल्या दोन ठिकाणी गडबड. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस असत आणि ती उघडली की चार तासांत संपवावी लागे, त्यामुळे नर्सबाईंचे लक्ष कुपीवर आणि रांगेवर. तिसरी जागा म्हणजे नुसता बाक किंवा खुर्च्यांची ओळ. तिथे अर्धा तास बसायचे. शेतातले काम टाकून आलेल्या माणसाला हा अर्धा तास अगदी फुकटचा वाटे. पण संपूर्ण मोहिमेत जीव वाचवण्याची सर्वांत मोठी संधी त्याच अर्ध्या तासात होती.

फार थोड्या लोकांना लसीतल्या एखाद्या घटकाची तीव्र अॅलर्जी असते. तिला अॅनाफिलॅक्सिस म्हणतात. ती बहुधा काही मिनिटांतच दिसते: अंगावर गांधी उठतात, ओठ-चेहरा सुजतो, घशात आवळल्यासारखे होते, श्वास घेताना शिटीसारखा आवाज येतो, रक्तदाब कोसळतो. तेव्हा एकच औषध आधी द्यायचे, अॅड्रेनॅलिन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. केंद्रावरच्या पेटीत त्याच्या कुप्या, हायड्रोकॉर्टिसोन, सलाइन आणि ड्रिपचा संच ठेवलेला असतो तो यासाठीच. आदिलाबाद शहरातल्या रिम्स या सरकारी रुग्णालयापर्यंत किंवा उटनूरच्या रुग्णालयापर्यंत पोचायला आतल्या गुड्यांतून बराच वेळ लागतो. त्या वाटेवर जाणारा वेळ बाकावर थांबल्याने वाचतो.

केंद्र सरकारच्या समितीने सुरुवातीच्या काळातली ३१ गंभीर प्रकरणे तपासून जून २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यातली १८ योगायोगाची निघाली, म्हणजे त्रासाचे कारण दुसरेच होते आणि लस फक्त त्या सुमारास घेतली गेली होती. सात प्रकरणांत कारण ठरवता आले नाही, दोन माहितीअभावी कोणत्याच गटात घालता आली नाहीत. एकाचे कारण सुईची भीती होते. तीन प्रकरणे मात्र थेट लसीमुळे झालेली अॅनाफिलॅक्सिसची होती. त्यांतले दोघे रुग्णालयात बरे झाले. ८ मार्चला लस घेतलेले ६८ वर्षांचे गृहस्थ दगावले. लसीमुळेच झालेला म्हणून समितीने मान्य केलेला देशातला हा पहिला मृत्यू.

‘लस घेतल्यावर’ झालेली प्रत्येक गोष्ट ‘लसीमुळे’ झालेली नसते, आणि झालेलीही असू शकते. हे गावात कोणी घरबसल्या ठरवू शकत नाही, ते तपासूनच ठरते. कधी दोष लसीचा नसून देणाऱ्याच्या हाताचा असतो. ३१ जानेवारी २०२१ रोजी पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, बारा लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले रुग्णालयात ठेवून बरी झाली. त्या दिवशी पोलिओची लस निर्दोषच होती, पण त्या गावाच्या मनात संशय उरला तर त्याला दोष कसा द्यायचा?

घरी गेल्यावर

बहुतेकांचा त्रास संध्याकाळी किंवा रात्री सुरू होई आणि एक-दोन दिवसांत ओसरे. तेव्हा करायच्या गोष्टी साध्या आहेत. दंडावर थंड पाण्याची घडी ठेवावी. हात बांधून न ठेवता हलवत राहावा. दंड चोळू नये, त्यावर झाडपाल्याचा लेप किंवा गरम शेक देऊ नये. ताप किंवा अंगदुखी असह्य झाली तर पॅरासिटामोल घ्यावी. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, पुढची घेताना मध्ये सहा तासांचे अंतर. दिवसाला चार ग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये. त्रास सुरू होण्याआधीच, सुईच्या सकाळी, गोळी घेऊन ठेवण्याची गरज नाही. रोज दारू पिणाऱ्याच्या यकृतावर या गोळीचा भार जास्त पडतो, म्हणून त्याने कमी गोळ्यांवर भागवावे आणि ते दोन दिवस मोहाची असो वा दुकानातली, दारू बाजूला ठेवावी.

आदिलाबादसाठी यात काही खास भर घालावी लागते. ४५ वर्षांवरील सर्वांसाठी लस खुली झाली ती १ एप्रिल २०२१ला, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. या जिल्ह्याचा उन्हाळा तेलंगणात प्रसिद्ध आहे. उन्हात चालत केंद्रावर जाणे, रांगेत उभे राहणे, परत येणे आणि वर रात्रीचा ताप. यात शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. चक्कर, कोरडे तोंड, लघवी कमी होणे हे लसीचे लक्षण समजून लोक घाबरतात, पण तिथे औषध असते ते पाणी, ताक, पेज, मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस. अंगावर घोंगडे घेऊन घाम काढणे अशा वेळी उलटच पडते.

पावसाळ्यात प्रश्न वेगळा. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरकडच्या जंगलपट्ट्यात पावसाबरोबर मलेरिया येतो, डेंग्यूही येतो. लस घेतल्यावर आलेला ताप दोन दिवसांपलीकडे टिकला, उतरून पुन्हा थंडी वाजून आला, किंवा खोकला-धाप घेऊन आला, तर त्याला ‘लसीचा ताप’ म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. मलेरियाची पट्टीवरची तपासणी पंधरा-वीस मिनिटांत होते. डेंग्यूची शंका असताना अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा दुखण्याच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामोलच पुरे. ताप आला की गावातल्या आरएमपीकडे, म्हणजे पदवी नसलेल्या डॉक्टरकडे, जाऊन सलाइन आणि दोन इंजेक्शने टोचून घ्यायची सवय तेलंगणाच्या खेड्यांत जुनी आहे. लसीच्या साध्या तापाला सलाइन लागत नाही. त्या इंजेक्शनात स्टेरॉइड असले तर क्षणभर बरे वाटते, पण खरा आजार झाकला जातो.

गोंड आणि कोलाम कुटुंबांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्यासाठी कोविड हाच मोठा धोका, त्यामुळे लस टाळण्यासारखी नाही. पण ताप आणि पाण्याची कमतरता या दोन्हींनी त्यांच्या वेदनांचा झटका सुरू होऊ शकतो. अशा माणसाने लसीच्या आधीच भरपूर पाणी प्यावे, नेहमीच्या गोळ्या चालू ठेवाव्यात आणि हाडे-सांधे किंवा छातीत कळ आली तर घरी न थांबता रुग्णालय गाठावे.

बायकांनी हळू आवाजात विचारलेला एक प्रश्न बऱ्याच ठिकाणी अनुत्तरित राहिला: लसीनंतर पाळी पुढे गेली, हे कशाने? अमेरिकेत जवळपास चार हजार स्त्रियांच्या पाळीच्या नोंदी तपासून जानेवारी २०२२ मध्ये उत्तर मिळाले. लसीनंतरच्या चक्रात सरासरी एका दिवसापेक्षाही कमी फरक पडला आणि तो पुढे भरून निघाला. अंगावर पाजणाऱ्या आयांना भारतात मे २०२१ मध्ये, तर गर्भवतींना २ जुलै २०२१ रोजी लस खुली झाली. तोवर त्यांच्यासमोर संभ्रमच होता.

ज्याकडे डोळेझाक चालणार नाही

कोविशील्डनंतर फार विरळा असा एक गंभीर त्रास होतो: रक्तातल्या प्लेटलेट घटतात आणि त्याच वेळी गुठळ्याही होतात. लसीनंतरच्या त्रासांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय समितीने १७ मे २०२१ रोजी दिलेल्या माहितीनुसार ३ एप्रिलपर्यंत देशात सुमारे साडेसात कोटी डोस दिले गेले होते. को-विन या लसीकरणाच्या सरकारी संकेतस्थळावर २३ हजारांहून अधिक तक्रारी आल्या होत्या आणि त्यांतल्या सुमारे ७०० गंभीर होत्या, म्हणजे दहा लाख डोसमागे नऊ. समितीने ४९८ गंभीर प्रकरणे खोलात जाऊन तपासली. त्यांत गुठळ्यांची शक्यता असलेली २६ सापडली. दहा लाख डोसमागे हे प्रमाण ०.६१ होते. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये ते चार आणि जर्मनीत दहा नोंदले गेले होते. हा फरक वंशाचा असू शकतो, आणि आपल्याकडच्या अपुऱ्या नोंदीचाही असू शकतो. जिथे मृत्यूचे कारणच लिहिले जात नाही, तिथे दुर्मीळ आजार सापडणे कठीण असते.

म्हणून लक्षणे घराघरात माहीत हवीत. लस घेतल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत असह्य आणि न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणे, धाप, छातीत दुखणे, एका पायाला सूज, पोटात सतत कळ, किंवा टोचलेल्या जागेपासून दूर त्वचेवर बारीक लाल ठिपके दिसले, तर लगेच १०८ला फोन करून मोठे रुग्णालय गाठावे आणि लस केव्हा, कोणती घेतली ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. हेपरिन हे गुठळीवरचे नेहमीचे औषध या आजारात घातक ठरू शकते. त्यामुळे ‘लस घेतली होती’ हे एक वाक्य उपचाराची दिशा बदलते.

एप्रिल-मे २०२४ मध्ये, कोविशील्ड ज्या लसीची भारतीय आवृत्ती आहे ती बनवणाऱ्या अॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात हा दुष्परिणाम मान्य केल्याची बातमी आली आणि पुन्हा घबराट पसरली. तीन वर्षांपूर्वी लस घेतलेल्या माणसांनी तपासण्यांसाठी रांगा लावण्याचे कारण नव्हते. हा त्रास लसीनंतर काही आठवड्यांतच होतो, वर्षांनी नाही. तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दलही असेच बोलले गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांतून माहिती घेऊन १८ ते ४५ वयोगटातल्या ७२९ आकस्मिक मृत्यूंची तुलना २,९१६ जिवंत व्यक्तींशी केली. लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. घरात पूर्वी झालेले असे मृत्यू, मृत्यूच्या आदल्या एक-दोन दिवसांत अतोनात दारू किंवा अंगमेहनत, आणि कोविडसाठी रुग्णालयात राहिलेले असणे या गोष्टींनी धोका वाढला होता.

तक्रार कोणाच्या भाषेत

लसीनंतर काही झाले की ते आशा कार्यकर्ती किंवा नर्सबाईंना कळवायचे, त्यांनी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, तिथून जिल्हा लसीकरण अधिकारी, मग राज्य आणि केंद्र. कागदावर ही साखळी पक्की आहे. औषधांच्या दुष्परिणामांसाठी गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांकही आहे. पण साखळीचे पहिले टोक भाषेत अडकते. को-विन जून २०२१ पासून मराठी आणि तेलुगूसह बारा भाषांत उपलब्ध झाले. गोंडी, कोलामी, बंजारा त्यात नव्हत्या. जैनथ-बेलाच्या बाजूला घरात मराठी, दवाखान्यात तेलुगू आणि कागदावर इंग्रजी अशी स्थिती आहे. “अंगात कसकस आहे” आणि “छाती भरून आली आहे” यांतला फरक ज्याला दुसऱ्याच भाषेत सांगावा लागतो, तो बहुतेक वेळा सांगतच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, आणि दुष्परिणामांच्या तक्रारी लोकांना व डॉक्टरांना सहज नोंदवता याव्यात व त्यांची माहिती खुली असावी. भरपाईचा प्रश्न मात्र मोहिमेच्या काळात अधांतरीच राहिला. ब्रिटनमध्ये लसीने गंभीर अपंगत्व किंवा मृत्यू आल्यास १ लाख २० हजार पौंड देणारी योजना आहे. तिची मुळे १९७९च्या कायद्यात आहेत. भारतात केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शपथपत्र दिले, ते पीडितांनी दिवाणी न्यायालयात जावे असे. पैनगंगेकाठच्या शेतमजुराने दिवाणी दावा लावून लसनिर्मात्याशी भांडावे, ही अपेक्षा कोणत्याही अर्थाने न्याय्य नाही. सगळ्यांच्या रक्षणासाठी ज्याने दंड पुढे केला, त्याच्या वाट्याला ती एक लाखातली दुर्मीळ इजा आली तर तिचा भार सगळ्यांनीच उचलायला हवा.

कोविडची मोहीम ओसरली, पण लसीकरण थांबलेले नाही. तेलंगणात दर बुधवारी आणि शनिवारी बाळांना पेंटाव्हॅलंट, गोवर-रुबेला, पोलिओच्या लसी दिल्या जातात. पेंटाव्हॅलंटनंतर बाळाला अनेकदा ताप येतो, आणि त्या एका तापामुळे पुढचा डोस चुकवणारी घरे आहेत. नर्सबाईंनी आईला चार गोष्टी सांगायच्या, असा नियम आहे: आज कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारावर, त्याने काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचे, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून परत आणायचे. या चार गोष्टी गोंडीत, कोलामीत, बंजाऱ्यात, मराठीत आणि तेलुगूत छापलेल्या आणि ध्वनिमुद्रित केलेल्या रूपात प्रत्येक उपकेंद्रात असाव्यात. गुड्याचा पटला (मुखिया), देवारी (पुजारी) आणि राय सेंटर या गोंड पंचायतीचे सरमेडी (प्रमुख) यांना त्या आधी समजावून सांगाव्यात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंनी त्या घरी जाऊन बाळाचा ताप पाहावा, या फेरीचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा. उटनूरची आदिवासी विकास यंत्रणा आणि जिल्हा आरोग्य विभाग यांनी ठरवले तर येत्या बुधवारपासूनही हे सुरू होऊ शकते.